आयर्विन पुलाच्या अलीकडे

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला,
"सर, आयरिश म्हणजे आयर्विनचे का?"
सगळे हसले. मीही.
मग खिडकीतून दिसला तो पूल,
एका व्हाइसरॉयचं नाव अंगावर घेऊन
कृष्णेत पाय सोडून बसलेला.
महापुरात सांगली त्याच्यापाशीच फूट मोजते.
नावाचं कुणाला काही वाटत नाही.

फळ्यावर लिहिलं : मायदेश.
म्हटलं, त्या बेटावरचे कवी
देशाला कधी म्हातारी म्हणतात, कधी राणी,
कधी नुसती ओली काळी माती,
कापायची, वाळवायची, चुलीत घालायची.
"माती जळती? शेणीगत?"
हो, शेणीगत.
मराठी शब्द आठवेना,
खडू हातात धरून तसाच उभा राहिलो.

मग आलो भाषेवर.
मोजणीदार आले, त्यांनी साखळी टाकली,
गावांची नावं आपल्या जिभेला बसतील तेवढी छाटली.
आणि ज्यांनी भाषा नेली
त्यांच्याच भाषेत या लोकांनी हरवलेलं घर लिहिलं.
माझा आवाज चढला होता.
मराठीच्या अभिमानाचं एक वाक्य
घरूनच तयार करून आणलं होतं.

बिराजदार उभी राहिली.
तालुका जत, गाव तिकोंडी,
तीन वर्षांत हजेरीपलीकडे अक्षर नाही.
"सर, आमच्याकडं पण असंच हाय."
"कसं?"
"रडायचं कन्नडमधी, पेपर मराठीत,
आन् ह्यो विषय इंग्रजीचा."
कुणी हसलं नाही.
"सातबाऱ्यावर आमच्या रानाला नुसता गट नंबर.
अव्वा म्हणती केंपहोल."
"म्हणजे?"
"तांबडं रान."
जरा थांबली.
"पर तांबडं रान म्हटलं की
ते आमचं वाटत न्हाई, सर."

घरून आणलेलं वाक्य
मी खडूच्या डबीत ठेवून दिलं.
पुलावरून एसटी गेली. त्या आवाजात
बराच वेळ काही बोलावं लागलं नाही.

तास सुटल्यावर तिची वही टेबलावर राहिली होती.
वर नाव : दानम्मा. गुड्डापूरच्या देवीचं.
माझ्या हजेरीपटात
तीन वर्षं धनम्मा.
पहिल्या दिवशी मीच शुद्ध करून घेतलं असणार,
लाल शाईनं.
आणि ती रोज सकाळी
त्या नावाला
हजर म्हणत आली.