पट्ट्याचा वेग

कॉड येतो तो डोकं नसलेला,
पट्ट्यावरून सरकत, मिनिटाला बावीस.
बावीसच का, हे अकरा वर्षं
आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.
वेगाचं बटण लोखंडी पेटीत,
पेटीची किल्ली स्तेनारच्या खिशात,
आणि स्तेनार वरच्या मजल्यावर, काचेमागे.

तेव्हा आम्ही पाट्या टाकायचो.
काटा राहिला तर राहिला.
लिगाया म्हणायची, घड्याळ बघू नकोस, बोझेना,
बघितलं की ते थांबतं.
गार पाण्यात फक्त बोटं माझी असायची,
बाकीची मी श्चेचिनमध्ये,
आईच्या ओट्यापाशी कोबी चिरत.

मग मार्चमध्ये एकाच आठवड्यात तिघी सोडून गेल्या
आणि स्तेनार खाली आला.
कॉफीच्या खोलीत खुर्ची उरली नव्हती,
बादली पालथी घालून बसला.
म्हणाला, पाळी चारला लावायची की सहाला?
आम्हाला वाटलं, तोंडदेखलं. ठरलेलं असणारच.
थोर्दिसने तर विचारलंच तोंडावर.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, नाही ठरलेलं.

मी म्हटलं, सहा.
मुलगा पाच वर्षांचा आहे, अंधारात उठवलं की रडतो.
मोडक्या आइसलँडिकमध्ये सगळं बोलले,
मध्ये कुणी तोडलं नाही.
थोर्दिसने वहीत उतरवलं, वाचून दाखवलं : कुरकुरतो.
मी म्हटलं, रडतो.
तिने खोडून पुन्हा लिहिलं.

मग हात वर झाले.
सहाला नऊ, चारला चौदा.
मी हरले.

आता सव्वातीनला उठते.
मुलाला गोधडीसकट उचलून
थोर्दिसच्या आईकडे नेते;
तिचा दिवा आधीच लागलेला असतो.
तो अजून रडतो. कमी, पण रडतो.

किल्ली आता एप्रनांच्या खुंटीवर असते.
परवा वादळाआधी दोन बोटी एकदम आल्या.
किल्ली मीच काढली.
रांगेकडे बघितलं : चोवीस?
लिगायाची मान हलली, मग बाकीच्यांची.
टोकाच्या यादविगाने दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला.
तेवीस केलं.

तेवढ्यात, पुढे गेलेल्या एका तुकड्यात
बारीक काटा दिसला,
आणि मी त्याच्यामागे चार पावलं धावले,
ओल्या फरशीवर, गमबुटांत.
धावताना माझं मलाच हसू आलं.