नोझल नंबर तीन

कुपवाडच्या एमआयडीसीत, आमच्या पत्र्याखाली
आठ मीटरची टाकी आडवी पडलीय,
गाभण म्हशीसारखी शांत.
तिच्या पोटात जायचाय जगातला सगळ्यात हलका वायू
आणि एका देशाची अठरा वर्षांची योजना.

देश केवढा?
नकाशावर माशी बसली तर झाकून जाईल.
माणसं आमच्या मिरज तालुक्याहून कमी.
तिथून एलिआस आलेत, एकटेच.
इंजिनिअर तेच, कस्टमचे कारकून तेच, फोटोही तेच काढतात.
लहान देशात एकाला तीन खुर्च्या असतात म्हणाले,
आणि बसायला स्टूल मागितलं.

जेवणाच्या सुट्टीत भडंगाचा पुडा सरकवून
त्यांनी फाईल उघडली.
हा वारा. हे ऊन. हा धक्का, इथं जहाजं लागतील.
हा डिझेलचा खर्च,
दरवर्षी शाळांच्या आधी जेवायला बसतो.
"आणि पाणी?" मी विचारलं.
किलोला नऊ लिटर हे पुस्तकातलं,
गाळणं-थंड करणं धरलं की आकडा फुगतो.
समुद्र आहे, म्हणाले. आधी त्याचं मीठ काढू.
म्हणजे पाणी गोडं करायचं
आणि मग फोडायचं.

माझं माहेर जत तालुक्यात, संखच्या पुढं.
तिकडं पाणी फोडायचं म्हटलं
तर म्हातारी माणसं कान धरायला लावतील.
आणि इथं सांगलीत, माझ्या खोलीत,
स्विचबोर्डाच्या वर दोन रेघा आहेत पुराच्या,
एक मातकट, एक काळपट.
दोन्ही सांगितलं त्यांना.
त्यांनी योजनेत जागा शोधली,
सापडली नाही,
मग मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं.

मी आणखी सांगितलं:
माळावर पवनचक्क्या आल्या तेव्हा मी चौथीत होते.
पात्याची सावली आमच्या फळ्यावरून जायची,
गुणाकार पुसल्यासारखा व्हायचा नि परत दिसायचा.
वीज तारेवरून पुढं गेली.
आमच्याकडं सावली राहिली.

एलिआस चावायचे थांबले.
"आमचेही लोक हेच विचारतात.
जहाज भरून गेलं की धक्क्यावर काय उरणार?"
काय सांगितलंत?
"पान चौसष्ट."
पान चौसष्टवर काय आहे?
"आलेख," म्हणाले,
आणि तिखटानं की कशानं, डोळे पुसले.

दुपारी टेस्ट.
पाण्याच्या दाबाला टाकी सकाळीच उतरली होती,
पाणी समजूतदार असतं, थांब म्हटलं की थांबतं.
आता हेलियम भरला.
हुंगणारी नळी घेऊन मी सांध्यासांध्यावरून फिरले,
नोझल एक, नोझल दोन,
आणि तीनपाशी काटा हलला.
साबणाचं पाणी लावलं.
मोहरीएवढा एक बुडबुडा
आला, थांबला, फुटला.
परत आला.

वेल्ड सिराज बारगीरची, अठ्ठावीस वर्षांचा हात.
तो काहीच बोलला नाही, फक्त काच वर केली.
मगदूम शेठ म्हणाले, सोमवारी ट्रेलर लागतोय.
एलिआस म्हणाले, उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्यात,
बँडवाल्यांना नवे कपडे शिवलेत.
मग दोघं एकदमच म्हणाले,
केवढासा तर आहे.

मी म्हटलं, केवढासा आहे
म्हणूनच तर निसटतो.

शेडमध्ये कंप्रेसर तेवढा चालू होता.
एलिआसनी माझ्या हातातला ब्रश घेतला,
गुडघे टेकले,
स्वतः साबण लावला, आणि चष्मा कपाळावर ढकलून
बघत राहिले बराच वेळ,
आपल्याच गावाला उंचावरून बघावं तसे.
मग म्हणाले, "शिलिला, लाल खडू."
नाव शिवलीला आहे, पण खडू दिला.

गोल त्यांनीच काढला. फोटोही काढला त्याचा,
अख्ख्या दौऱ्यातला पहिला.
सिराजनं ग्राइंडर लावला, ठिणग्या उडाल्या,
घातलेली वेल्ड खरवडून निघताना
घालताना होतो त्याहून मोठा आवाज होतो.

सोमवारी ट्रेलर रिकामा गेला.
त्याचं भाडं कुणी द्यायचं
यावर दोन्हीकडून पत्रं चालू आहेत.