सेल

केबलवर जुनी मॅच लागणार होती,
शाहू स्टेडियमची, रात्री दोनला.
धैर्याचा गोल, डाव्या पायाचा.
सुबरावनं कार्ड बसवून दिलेलं,
म्हणाला, वेळ लाव आन् झोप निवांत.

सकाळी फाइल उघडली तर
दीड तास नुसत्या मुंग्या.

वायर हलवली. ड्रायव्हर काढून परत टाकला.
पंख्यातली धूळ फुंकली, डोळ्यात गेली.
मग कोपऱ्यात दिसलं:
एक जानेवारी, दोन हजार दोन.
आतला सेल मेलेला, लाइट गेली की सगळं विसरतंय.
त्याचे दोन वाजले आपल्या साडेचारला.

शाहूपुरीतनं तीस रुपयांचा सेल आणला.
तारीख लावायला बसलो, तर आई मागं उभी.
"दोन हजार दोनला धैर्या कितवीत होता रं?"
"दुसरीत."
"मग ऱ्हाऊ दे की जरा."