काडेपेटी

अर्सलानबोबच्या रानात अक्रोड पडू लागले
की गाव रिकामं होतं.
शाळेला कुलूप. गाय, कोंबड्या, गोधड्या, किटली
सगळं घेऊन आम्ही झाडांखाली राहायला जातो.
हिरवी टरफलं सोलून सोलून हात काळे होतात.
साबणानं जात नाहीत, राखेनं तर मुळीच नाही.
नख वाढेल तसं काळं पुढे सरकतं,
मग कापून टाकायचं, इतकंच.

हुर्मतोयचे आणि माझे हात
चव्वेचाळीस हंगाम असेच काळे झाले.
त्यातले तीन
वेगवेगळ्या झाडांखाली.

भांडण कशावरून, तर एका फांदीवरून.
झाड तिच्या वाट्याचं, फांदी माझ्या वाट्यात वाकलेली,
अक्रोड कुणाचे?
जंगलखात्याच्या माणसालाही सांगता आलं नाही.
तो चहा पिऊन गेला.
मी तिला म्हटलं, तुझी आईपण अशीच होती, हावरट.
हे म्हणायला नको होतं.
तिची आई मलाही न्हाऊ घालायची.

मग अबोला. पक्का, निरगाठीचा.
ओढ्यावर ती दिसली
की मी अर्धीच बादली भरून निघायचे.
लग्नात समोरासमोर बसवलं, तर दोघींचं लक्ष
पुलावातल्या गाजरांवर.

दुसऱ्या हिवाळ्यात मला ताप भरला.
नवरा जाऊन सात वर्षं, मुलगा रशियात,
उठून चूल पेटवायचं त्राण नव्हतं.
दहाच्या सुमाराला दारात तिचा नातू,
नाक गळतंय, टोपीवर बर्फ:
"आजीनं काडेपेटी मागितलीय."

हुर्मतोयच्या फळीवर काडेपेट्यांचा ढीग असतो.
स्वस्तात मिळाल्या म्हणून नवऱ्यानं एकदा खोकंच आणलं होतं,
अर्ध्या गावाला पुरेल एवढं.

पोरानं मला पाहिलं, थंड चूल पाहिली,
आणि काडेपेटी न घेताच पळालं.

ती आली. राख काढली, जाळ केला, शोरबा ठेवला.
माझ्याशी एक शब्द नाही.
पातेल्याशी बोलली: "तुला कुणी घासतं की नाही?"
आठ दिवस अशीच येत राहिली.
मी बरी झाले, तशी यायची थांबली.
अबोला पुन्हा चालू.
राग खरा होता तिचा,
माझ्या तापापायी तिनं तो स्वस्तात सोडला नाही.

म्हणजे रोज सकाळी, रागातच,
ती आपल्या अंगणातून माझं धुराडं बघत होती.
मीही तिचं बघत होते.
हे तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

अबोला कसा सुटला, नीट आठवत नाही.
बहुतेक कुणाचं तरी मीठ संपलं होतं.
आईबद्दलचं ते वाक्य मी मागे घेतलं,
पाय धरून नाही, दोघी शेण उचलत असताना.
ती म्हणाली, "होतीच ती हावरट."
आणि बराच वेळ पाठ फिरवून उभी राहिली.

बाजारात बायका विचारतात, मुलगा फोन करतो ना गं?
मी म्हणते, दर शुक्रवारी.
एकीनं खोदून विचारलं, या शुक्रवारी काय म्हणाला?
मी अडखळले.
तराजूवरची नजर न हलवता हुर्मतोय म्हणाली,
"दाढ दुखतेय म्हणाला. मी तिथंच होते."

चारचौघींत माझ्या खोट्याला तिनं टेकू दिला.
घरी आल्यावर दार लावलं
आणि टेकू काढून घेतला:
"पाच महिने झाले. आता तू कर फोन.
मी बसते इथं. रडलीस तर रड."

आज सकाळी तिचा धूर निघाला नाही.
आठ वाजले, साडेआठ.
पाठवायला माझ्याकडे नातू नाही.
मीच गेले, एक बूट माझा, एक नवऱ्याचा,
बर्फातून, धापा टाकत:
"काडेपेटी आहे का?"

ती गोधडीत होती. नुसती झोपलेली.
एक डोळा उघडून माझ्या पायांकडे बघितलं.
हात बाहेर काढून फळी दाखवली,
नखांत ऑक्टोबरचं काळं, अजून अर्ध्यावर.
म्हणाली, "घे. दोन घे.
आणि आलीच आहेस, तर चूल पेटव."