शिरका

बोर्ड्यातलं घर विकायचं ठरलं तेव्हा
कॉन्सेसांवबायच्या सुनेचा फोन आला:
कोठीत शिरका सांडलाय कुठेतरी.
बरण्या सुकून वर्षं झाली, वास काही जात नाही.

बरण्यांमागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
डब्यात शाबाकाकाचं रीळ.
फिल्म म्हातारी झाली की आंबते,
पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला, नाकाला रुमाल लावून.

तेव्हा लग्नाच्या पत्रिकेलाही
छापण्याआधी सरकारी शिक्का लागायचा.
काकाने बाप्तिस्म्याचे फोटो काढणाऱ्या मिनेझिसकडून
कॅमेरा उसना आणला, तीन दिवसांच्या बोलीवर,
आणि शिक्क्याचं कुणाला विचारलंच नाही.

पोलीस आले त्या रात्री कॉन्सेसांवबायने
कोठीचं दार स्वतः उघडलं. हुंगा, म्हणाली.
साहेबाने उंबऱ्यावरूनच तोंड फिरवलं.
तोवर काका पोळे गावाच्या रानातून
माजाळीला उतरला होता, पायात एकच वहाण.

बेळगावहून पत्र: इथे काहीही दाखवायची मुभा आहे.
दाखवायचं ते सगळं तिकडे राहिलं.

मुक्तीनंतर आला.
डिचोलीला खाणीखालच्या शेतात
गुडघाभर लाल चिखलात उभं राहून दुसरी फिल्म केली.
तिच्यावरही कागद आला. आठ मिनिटं वगळावीत.
शुद्ध मराठीत, ‘आपण’ म्हणून, शेवटी ‘कळावे’.
आई सांगायची, जेवताना तो कागद
त्याने ताटाशेजारी ठेवला होता.
पोर्तुगीज नकार कळायला निदान
शब्दकोश उघडावा लागायचा, म्हणाला.

मग पुन्हा बेळगाव. ह्या खेपेस मागे कोणी लागलं नाही.
मोटारीचं तिकीट होतं, दोन्ही वहाणा होत्या.

काल रीळ पाहिलं. सव्वा मिनिट शाबूत.
मडगावचा बाजार. एक मासेवाली
गिऱ्हाईक समोर असताना उठते,
अर्धी पाटी तशीच डोक्यावर घेते
आणि पोलिसांच्या गाडीमागे चालू लागते.
गाडीत तिचा मुलगा होता,
हे काकाच्या पत्रात आहे म्हणून माहीत.
गाडी आता नाही. तिथे फिल्मला फोड आलेत,
पांढरा बुरा. मुलगाही त्यातच गेला.
बाई चालते आहे,
कशाच्या मागे ते दिसत नाही.

खराब तेवढं कापून जोडतो, तो मुलगा म्हणाला.
हात चांगला होता त्याचा, सावकाश.
मी अजून हो म्हटलेलं नाही.