देठ

वेरा भागातल्या जुन्या दोऱ्याच्या कारखान्यात
आता जेवण मिळतं.
रिळांचे दांडे छताला तसेच ठेवलेत, त्यांना दिवे टांगलेत.
मेन्यूवर किमतीपुढे लारी लिहीत नाहीत,
नुसता आकडा,
जणू खोलीचं तापमान.

टेबल नव्वद मिनिटांपुरतं.
नुत्साने ते तीन आठवडे आधी मिळवलं,
म्हणून खिडकीकडची जागा तिची.
लाशा उशिरा आला, पार्किंगला शिव्या घालत.
तेओनाचा फोटो होईस्तोवर कुणी हात लावायचा नाही.
आणि जाबा म्हणाला, मी घरून खाऊन आलोय,
मला फक्त पाव.

पाव म्हणजे दगडी पाटीवर चार तुकडे
आणि धुरी दिलेलं लोणी.

मग खिन्काली आल्या.
पाच जणांत तीन.
मुखऱ्या नाजूक, एकसारख्या,
पण वर देठच नाही.
वाढणाऱ्या मुलाच्या मनगटावर सुरी गोंदलेली, आवाज अगदी मऊ.
शेफनी देठ काढून टाकलाय, म्हणाला,
तो तसाही कुणी खात नाही.

खात नाही, खरंय.
धरायला असतो तो.
देठाला धरून उलटी करायची, एक चावा, आतला रस्सा ओढून घ्यायचा,
मग देठ ताटाच्या कडेला,
म्हणजे शेवटी कळतं कोणी किती हाणल्या.
माझ्या मामाचे सव्वीस होते, स्वतःच्या लग्नाच्या आदल्या रात्री.
त्याच्या दिवसाच्या जेवणातही
कुणीतरी तो आकडा काढलाच.

लाशाने उभं राहून ग्लास उचलला.
शांततेसाठी.
मग आईबापांसाठी.
मग जे गेले त्यांच्यासाठी, आणि इथे घाई चालत नाही,
एकेकाचं नाव घ्यावं लागतं.
तेओना आजीच्या नावापाशी अडकली होती
तेवढ्यात तो मुलगा पुन्हा आला:
माफ करा, वीस मिनिटं उरलीत.
दाराबाहेर पुढचे सहा जण थंडीत उभे,
काचेतून आमच्या ताटांकडे बघत.
जिवंतांसाठीचा घोट आम्ही
एक हात कोटाच्या बाहीत असताना घेतला.

बिल मागवलं. फोन निघाले.
नुत्सा भागाकार करायला बसली.
पाचाने की चाराने?
तिचा अंगठा दोन आकड्यांच्या मधे थांबलेला
मला दिसला.
फेब्रुवारीपासून जाबाला काम नाही.
त्यावर आम्ही बोलत नाही,
त्याच्या पाठीमागेसुद्धा.
मुलगा म्हणाला, दिलंय की.
त्यांनी दिलं, मघाशी, हात धुवायला गेले तेव्हा.

आमचे बाप असेच द्यायचे, काहीतरी निमित्त काढून,
आणि मग दारात झटापट,
एकमेकांच्या खिशात नोटा कोंबणं,
कोटाची बटणं तुटायची.
आमच्यात कुणी झटापट केली नाही.
नुत्साने फोन पालथा घातला.
पैसे कुठून आणले,
मी अजून विचारलेलं नाही.

उतारावरून खाली, नदीच्या अंगाला,
आठ पायऱ्या उतरून ते तळघर
जिथे रात्रभर आधण उकळत असतं.
नुत्सा सगळ्यांच्या आधी आत घुसली,
गल्ल्यावरच्या बाईच्या मुठीत कार्ड कोंबून म्हणाली,
त्या उंच माणसाचे पैसे घेतलेस तर बघ.
पन्नास टाकू? बाईने विचारलं.
साठ, जाबा मागून ओरडला.

मिरपूड. वाफ. कोपराला चिकटणारं मेणकापड.
तेओनाने सवयीने फोटो काढला, त्यात नुसतं पांढरं आलं.
जाबा मान खाली घालून खात होता,
रस्सा मनगटावरून थेट बाहीत,
मधे एकदाही बोलला नाही.

दोन वाजता मोजणी.
लाशाचे अकरा. माझे नऊ.
नुत्सा म्हणाली माझे मोजू नका, तरी मोजले.
जाबाचे एकोणीस,
आणि ताटाखाली सरकवलेले
आणखी दोन.