दहा फुटांची पोच

"तलवार ले ने, यार," म्हणाला केयूर,
परशू घे, नाहीतर दोन हातांत दोन कट्यारी.
तोरलने तर माझ्या कागदावर
पेन्सिलीनं धनुष्य लिहूनही टाकलं होतं.
मी ते खोडलं आणि लिहिलं: चाबूक.

"चाबूक?" फणसे उसळीत पाव बुडवता बुडवता थांबला.
"अगं, चार बाजूंचा फासा मिळतो चाबकाला.
चार! त्यात मरणार काय? उंदीर?"

खरंच आहे. सगळ्यात लहान फासा,
शिंगाड्यासारखा टोकदार,
अंधारात पायाखाली आला तर कळ थेट मस्तकात,
पण राक्षसाला काय त्याचं.

कारेलीबागेतली गच्ची. शनिवार.
चटईवर सांडलेली शेव,
पंख्याची वायर खालच्या मजल्यावरून ओढून आणलेली,
आणि छापील चौकोनांत मी एक बाई भरते आहे.
सत्तावीस गुण, सहा रकाने,
पंगतीला कमी पडणाऱ्या श्रीखंडासारखे वाढायचे,
इकडे सढळ पडलं की तिकडे पातेलं खरवडायचं.
ताकद: आठ.
लोणच्याची बरणी उघडायला कुणालातरी हाक मारेल, इतकी.
चपळाई: सतरा.
बोलण्यातली मोहिनी: उरलं ते.
मावशी म्हणायची, या पोरीला पोच म्हणून नाही.
चाबकाला आहे. नियमांच्या पुस्तकात छापलंय,
पोच: दहा फूट.
तलवारीच्या दुप्पट.

"हिचा भूतकाळ काय?" केयूर विचारतो.
तो पुठ्ठ्याच्या पडद्यामागे बसतो,
नकाशे त्याच्याकडे असतात.
सर्कशीतली? जहाजावरून पळालेली? टांगेवाल्याची मुलगी?
"पोतराजाची कर," फणसे म्हणतो, "जबरदस्त होईल,
स्वतःच्याच पाठीवर आसूड ओढणारी."
(फणसेला हे सुचतं. त्याचं आजोळ जळगावचं.)

मी लिहिते: नदीकाठची.
आणि पेन्सिलीला टोक करत बसते.

पुराच्या दुसऱ्या दिवशी
विश्वामित्री आमच्या सोसायटीत होती,
टपालपेट्यांच्या वर हातभर.
समोर कुणाच्यातरी बुडालेल्या गाडीच्या टपावर
वॉचमनचा कुत्रा, खाकरा,
भुंकून भुंकून आवाज गेलेला.
पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मी
कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी फेकली.
पोचली.
दोनदा, तीनदा, अगदी त्याच्या पंजांवर पडली.
त्याने ती हुंगली. माझ्याकडे पाहिलं.
त्याला दोरी धरता येत नव्हती,
दोरीनेच त्याला धरायला हवं होतं.
मग पाण्यावर तो ओंडका आला, जो ओंडका नव्हता,
आणि मी गॅलरीचं दार लावून घेतलं.

दोरी आहे अजून. टॉवेल वाळतात तिच्यावर.

हे मी रकान्यात लिहीत नाही.
रकाना तीन ओळींचा असतो.

पुढच्या शनिवारी केयूर आवाज खाली आणून सांगतो:
खोल दरी. झुलता पूल. पलीकडे तीन गोब्लिन,
दोर कापताहेत, खी खी हसताहेत.
मधल्या फळीवर फणसेचा बुटका योद्धा,
दाढीला वेण्या, अंगावर दीड मण चिलखत.
तोरलचा बाण वाया जातो.
"तुझी पाळी."

चाबूक, मी म्हणते.
वीस बाजूंचा फासा उसळीच्या वाटीला थडकतो,
गिरक्या घेतो, थांबतो. अठरा.
"लागला! टाक आता तो शिंगाडा,
बघू गोब्लिनला कितपत खरचटतंय."

गोब्लिनला नाही, मी म्हणते.
फणसेच्या कमरेला.

केयूर पुस्तक उघडतो, भराभर पानं उलटतो,
असा नियम नाहीये, म्हणतो, थांब, बघू दे, थांब.
फणसे ओरडतो, "अगं, मी तुझ्याच बाजूचा आहे!"

माहीत आहे.
हलू नकोस.